प्रतिक्रियेला उत्तर: झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आणि मायक्रोवेव्हचा नेमका वाटा

नमस्कार.

मायक्रोवेव्ह वापरून झिंक ऑक्साइडचे (जस्त आणि ऑक्सिजनच्या संयुगाचे) नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजायचे कण, करण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मायक्रोवेव्ह ही फक्त उष्णता देण्याची एक तऱ्हा आहे. झिंक ऑक्साइड टायरच्या कारखान्यांना पोत्यांनी मिळतं. नॅनोकण खोलीच्या तापमानाला साध्या चंचुपात्रातही होतात. बाजारात एकही वस्तू दिसत नाही, तर हा खटाटोप शोधनिबंधांपलीकडे कशासाठी?

पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मायक्रोवेव्हच्या नेहमीच्या २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीच्या एका ऊर्जाकणात, जेमतेम एक लाखांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट (रेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा असते, आणि रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्यामुळे लहरी रेणूंवर काही गूढ परिणाम करतात ही भाषा सोडायलाच हवी. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑलिव्हर कापे यांच्या गटाने याची फार सुरेख परीक्षा घेतली. सिलिकॉन कार्बाइडची कुपी लहरी स्वतःच शोषते. आतल्या द्रावणापर्यंत त्या जवळजवळ पोचत नाहीत, तरी द्रावण तितक्याच झपाट्याने तापतं. हीच अभिक्रिया लहरी आत जाऊ देणाऱ्या काचेच्या कुपीतही करायची आणि दोन्हींतून निघालेले कण ताडून पाहायचे. २०१२ साली त्यांनी हे झिंक ऑक्साइडवरच केलं. तापमानाचा चढउतार सारखा राखला की कणांतही सांगण्यासारखा फरक उरत नाही, असं त्यांना दिसलं.

पण याच प्रयोगातून मी तुमच्या उलट निष्कर्ष काढतो. कणांचं सगळं काही तापमानाच्या चढउतारावर ठरत असेल, तर तो चढउतार हवा तसा आखता येणं हीच मोठी गोष्ट आहे. नेहमीसारखं भांडं गरम तेलाच्या बाथमध्ये ठेवलं तर उष्णता भिंतीकडून आत सरकते. शेगडीवरच्या पातेल्यात जसं बुडाला आधी लागतं, तसे काठाशी स्फटिकांचे अंकुर आधी फुटतात, मधे मागाहून, आणि लहानमोठे कण एकत्र होतात. इथिलीन ग्लायकॉल हे द्रावक मात्र मायक्रोवेव्ह अधाशासारखं शोषतं. त्याचा लॉस टॅन्जंट, म्हणजे लहरींची ऊर्जा उष्णतेत बदलण्याच्या क्षमतेचं माप, १.३५ आहे, तर पाण्याचा ०.१२ च्या आसपास. लहान कुपीतलं, ढवळलं जाणारं द्रावण काही मिनिटांत एकसारखं तापतं, अंकुर जवळपास एकाच वेळी फुटतात, आणि नंतर दाबाखालच्या हवेने कुपी चटकन थंड केली की वाढ हवी तिथे थांबवता येते.

पोत्यातल्या पुडीचं उत्तर सोपं आहे. जस्ताची वाफ हवेत जाळून केलेल्या त्या पुडीतले कण साधारण शंभर नॅनोमीटरपासून मायक्रोमीटरपर्यंतचे असतात. क्वांटम डॉट एलईडीत (अर्धवाहकाच्या नॅनोकणांतून प्रकाश देणाऱ्या दिव्यात) इलेक्ट्रॉन वाहून नेणारा झिंक ऑक्साइडचा थर सगळा मिळून तीस-चाळीस नॅनोमीटर जाडीचा. त्यात असा एक कण आला तरी तो वरच्या थरांत घुसणार आणि उपकरण शॉर्ट होणार.

चंचुपात्राचा आक्षेप मात्र खरोखर कसदार आहे. तीन ते पाच नॅनोमीटरचे शुद्ध कण हवे असतील तर मीही अल्कोहोल आणि अल्कलीची खोलीच्या तापमानाची पद्धतच घेईन. ते कण बाटलीत राहूनही हळूहळू वाढतात, म्हणून ते थंड ठेवावे लागतात आणि लवकर वापरावे लागतात, पण काम होतं. मायक्रोवेव्हचं पारडं जड होतं ते अ‍ॅल्युमिनियमसारखं मूलद्रव्य स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत बसवून वाहकता वाढवायची असते तेव्हा. त्याला जास्त तापमान लागतं, आणि तिथे फार वेळ रेंगाळलं तर कण फुगतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे क्लाउस फेल्डमान यांच्या गटाने २००९ मध्ये पॉलिऑल (ग्लायकॉलच्या जातीच्या) द्रावकात, मायक्रोवेव्हनेच, अ‍ॅल्युमिनियम आणि इंडियम मिसळलेले झिंक ऑक्साइडचे नॅनोस्फटिक करून दाखवले. स्फटिक बाटलीतच तयार झाला की प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर थर देऊन तो नुसता सौम्य तापवला तरी चालतं. उलट झिंक अ‍ॅसिटेट या जस्ताच्या क्षाराचा थर देऊन त्याचं झिंक ऑक्साइड करायला तो तिथेच भाजायचा म्हटलं तर सहसा दोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि पीईटीचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा) पत्रा त्याआधीच वाकतो.

बाजाराबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारे व्हॅरिस्टर झिंक ऑक्साइडचेच असतात, पण ते बिस्मथ ऑक्साइड वगैरे मिसळून भट्टीत भाजतात. त्यांना नॅनोकणांची गरज नाही. टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांतलं इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइड स्पटरिंगने, म्हणजे निर्वातात आयनांच्या माऱ्याने अणू उडवून, बसवतात. मायक्रोवेव्हची खरी अडचण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना येते: लहरी पाण्यात दोनेक सेंटीमीटर शिरतात, ग्लायकॉलमध्ये त्याहून कितीतरी कमी. मोठी टाकी भरून उपयोग नाही, बारीक नळीतून द्रावण वाहतं ठेवावं लागतं. हे जमेपर्यंत मी याला उद्योग म्हणणार नाही. छापील इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा (शाईसारखे थर देऊन केलेल्या उपकरणांसाठीचा) सर्वांत आशादायक रस्ता मात्र नक्की म्हणेन.

‘घरच्या ओव्हनमध्येही होतं की’ हे तुमचं शेवटचं वाक्य वाचून काळजी वाटली, कारण इथे एम.एस्सी.चे विद्यार्थीही येतात. घरगुती ओव्हन कमी वॅटवर ठेवला तरी बहुतेक मॉडेलांत मॅग्नेट्रॉन (लहरी निर्माण करणारी नळी) पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतो. आतलं तापमान कळत नाही. बंद कुपी ठेवली तर ती फुटून काचा डोळ्यांत जाऊ शकतात. कृपया कुणीही हे करू नये. ज्या निबंधात नुसते वॅट आणि मिनिटं दिली आहेत, द्रावणाचं तापमान नाही, तो प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही. अशा निबंधांवर तुमचा राग असेल, तर त्यात मी तुमच्या बाजूने आहे.