डझनभर टॉवेल आणि अठरा टक्के: ‘आता कोडिंग शिकू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: एआयला मराठीत एक वाक्य सांगा, सॉफ्टवेअर तयार, काम दहापट वेगाने होतं, ज्याचं बिघडतं त्याला नीट विचारता येत नाही, आणि यंत्रमाग आल्यावर हातमागवाल्यांचं जे झालं तेच आता प्रोग्रॅमरचं होणार, तेव्हा पोरांच्या फीचे पैसे वाचवा. शेजारची बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी हा मेसेज घेऊन माझ्याकडे आली. “दादा, पप्पा म्हणतायत पुढच्या वर्षाची फी भरून काय उपयोग?” तिच्यासाठी आणि तिच्या पप्पांसाठी हे लिहितोय. चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांना बिलिंगची सॉफ्टवेअर करून देणं हा माझा धंदा, आणि एआय सहायक मी रोज वापरतो.

पहिला मुद्दा: ‘एक वाक्य सांगा, सॉफ्टवेअर तयार.’ काहीतरी तयार होतं, हे खरं. बिल छापायचा नमुना, एक्सेलमधली मालाची यादी उचलून घेणं, दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड समजावून सांगणं, यात माझे तास वाचतात. अडतं त्यापुढे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चादरी, टॉवेल अशा मालाला आधी नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के कर होता. आता 2500 पर्यंत 5 आणि त्यावर 18. हा बदल मी सहायकाला करायला सांगितला. आधी तो जुन्याच 1000 आणि 12 वर अडून बसला, कारण त्याचं शिकणं त्या तारखेच्या आधीच थांबलेलं. नवे आकडे दिल्यावर “तुमचं अगदी बरोबर आहे” म्हणत त्याने कोड बदलला, वर चाचण्याही लिहिल्या, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का हे तपासणारे छोटे प्रोग्राम. सगळ्या पास. हिरव्या खुणा बघून मी तो पुढे पाठवला, ही माझी चूक.

तिसऱ्या दिवशी चाटी गल्लीतल्या एका दुकानातून मुनीमजींचा फोन. “ओ सर, टॉवेलला अठरा टक्के कधीपासून?” बिल उघडलं. 240 रुपयांचे 12 टॉवेल, एकूण 2880. मर्यादा लागते एका नगाच्या किमतीला, कोडने ती लावली ओळीच्या एकूण रकमेला. 144 रुपयांच्या जागी 518 रुपये 40 पैसे कर. मग चाचण्या पास कशा झाल्या? त्यातल्या प्रत्येक चाचणीत नग एकच होता! इथे होलसेलच्या दुकानात एक टॉवेल कोण विकतं? माल डझनावर जातो. हे मुनीमजींना ठाऊक, मला ठाऊक. सहायकाला कुणी सांगितलं नव्हतं.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटच्या 2025 च्या पाहणीत 66 टक्के डेव्हलपरांनी, म्हणजे प्रोग्रॅमरांनी, हीच तक्रार नोंदवली: उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पुरतं नाही. साफ चुकलेला प्रोग्राम चालतच नाही, तो लगेच सापडतो. जवळजवळ बरोबर असलेला प्रोग्राम बिलं छापत राहतो.

दहापट वेगाचं म्हणाल तर, एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर (METR) या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी डेव्हलपरांना 246 कामं देऊन मोजणी केली. एआय वापरल्यावर त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला. काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की 20 टक्के वाचला. ही माणसं आपल्याच जुन्या, ओळखीच्या प्रकल्पांवर काम करत होती आणि साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची होती, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावू नये. पण वाटणं आणि घड्याळ यांत इतकं अंतर पडू शकतं, हे वाचल्यापासून मी वहीत वेळ लिहायला लागलो. टायपिंग घटलंय, तपासणी वाढलीय.

‘नीट विचारता येत नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सगळा दोष ते शिकणाऱ्या पोरांच्या माथी मारतं. मुनीमजींच्या फोननंतर मी “मर्यादा नगाच्या दराला लाव” असं सांगितलं आणि मिनिटात दुरुस्ती झाली. मग आधीच असं का नाही विचारलं? कारण तो प्रश्न चुकलेलं बिल समोर आल्यावर सुचला. नेमकं विचारता यायला कापडाचा व्यवहार कळावा लागतो आणि समोरचा कोड वाचता यावा लागतो. मेसेज तर तेच शिकू नका म्हणतोय.

त्या मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टवर तीन तास घालवले होते. लाल एरर आली की ती चिकटवायची, सहायक “क्षमस्व, आता दुरुस्त केलं” म्हणायचा, पुन्हा तीच एरर. मी बघितलं तर सहायकाने जे पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, इन्स्टॉल करायला सांगितलं होतं, ते जगात अस्तित्वातच नव्हतं. तिने कसंही विचारलं असतं तरी ते पॅकेज कुठून येणार होतं? 16 एआय मॉडेलांकडून 5 लाख 76 हजार कोडचे नमुने लिहून घेतलेल्या एका अभ्यासात व्यावसायिक मॉडेलांनी सुचवलेली 5 टक्क्यांहून जास्त पॅकेजं काल्पनिक निघाली, मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणाऱ्या, मॉडेलांची 21 टक्क्यांहून जास्त. अशा नावाने कुणी घातक कोड टाकून ठेवला, तर तो थेट तुमच्या कॉम्प्युटरात उतरतो.

राहिला माग. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाला तीच पंचकार्डं (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेले पुठ्ठे) लावली की चादरीवर दरवेळी तीच नक्षी येते. सहायकाला तेच वाक्य सोमवारी आणि मंगळवारी सांगितलं तर कोड वेगवेगळा येऊ शकतो. आडवा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो, कामगार धागा जोडतो. सहायक धागा तुटला तरी विणत राहतो. नुसतं नकलून टाइप करायची कामं कमी होतील असं मलाही वाटतं, ते लपवून उपयोग नाही. पण कापडाकडे बघत उभा राहणारा माणूस लागणारच, आणि त्याला वीण ओळखता आली पाहिजे.

तिच्या पप्पांना मी ते टॉवेलचं बिल दाखवलं. अक्कलकोट रोडला त्यांचं टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलंय. चूक कुठं आहे हे मी सांगायच्या आधीच त्यांनी बोट ठेवून सांगितलं. रविवारी ती येणार आहे. एक नग, बारा नग आणि नगाला बरोबर 2500 रुपये, अशा तीन चाचण्या तिने सहायकाला न विचारता स्वतः लिहायच्या, असं ठरलंय.