जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आपली माणसं नसतात, हे खरं नाही

इंग्लंडमधलं कुळ शोधणाऱ्या लोकांमध्ये एक मजकूर गेले काही महिने फिरतोय. आशय असा: ‘इंग्रज पूर्वज शोधायचेत? जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या पुरे. जुन्या वर्तमानपत्रांत वेळ घालवू नका. त्यात फक्त उमराव आणि खुनी. जे काही होतं ते सगळं इंटरनेटवर आलंय; नाव टाका, नाही सापडलं तर विषय संपला. शिवाय पैसे पडतात, आणि छापलेलं भरवशाचं नसतं. भारतात आलेल्या गोऱ्यांबद्दल तर तिकडच्या पत्रांत काहीच नाही.’

एरवी अशा मजकुराकडे दुर्लक्ष केलं असतं. पण आज कितीतरी मराठी घरांत इंग्रज सुना आणि जावई आहेत. नातवंडांच्या एका बाजूचा छापील कुलवृत्तांत कपाटात असतो आणि दुसऱ्या बाजूला पणजोबांच्या पलीकडे नावसुद्धा ठाऊक नसतं. ती बाजू शोधायला बसलेली माणसं हा मजकूर वाचून थांबतात, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

‘फक्त उमराव आणि खुनी.’ अठराव्या शतकापुरतं आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीपुरतं यात तथ्य आहे. १८१५ पासून प्रत्येक अंकावर चार पेन्स मुद्रांक कर होता. मजुराला वर्तमानपत्र विकत घेणं शक्यच नव्हतं. १८३६ मध्ये तो कर एका पेनीवर आला, १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये मुद्रांक कर पूर्ण उठला आणि १८६१ मध्ये कागदावरचाही. त्यानंतर लहान लहान गावांतून एक पेनीची पत्रं निघू लागली. त्यांचे रकाने भरायला लॉर्ड किती पुरणार? रकाने भरले ते गावच्या दंडाधिकाऱ्यासमोर दारू पिऊन दंगा केल्याबद्दल पाच शिलिंग दंड भरणाऱ्या गवंड्याने, कोबीच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळवणाऱ्या माळ्याने, रविवारच्या शाळेत पुस्तक बक्षीस मिळालेल्या पोरीने. क्रिकेट सामन्याचा धावफलक, चॅपलमधलं चहापान, दिवाळं निघालेला चांभार, ‘माझ्या बायकोने केलेल्या कर्जाला मी जबाबदार नाही’ अशी नवऱ्याने दिलेली जाहिरात, हे सगळं तिथे आहे. आपलं नाव आलं की माणूस अंक विकत घेतो, हे संपादकांना पक्कं माहीत होतं.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. १६ जानेवारी १८६२ रोजी नॉर्थम्बरलँडमधल्या हार्टली कोळसाखाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची अवाढव्य लोखंडी तुळई मोडली आणि खाणीच्या एकुलत्या एक विवरात कोसळली. वर येण्याचा दुसरा रस्ताच नव्हता. २०४ माणसं आणि मुलं मेली. कित्येक घरांतले बाप आणि मुलगे एकाच वेळी गेले. आता यातल्या एखाद्या कुटुंबाचा माग फक्त जनगणनेतून काढून बघा. ७ एप्रिल १८६१ च्या रात्री घर भरलेलं दिसतं. १८७१ मध्ये त्याच बाईपुढे ‘विधवा’ लिहिलेलं आहे, मोठी मुलं गायब आहेत आणि पत्ता बदललेला आहे. मधल्या दहा वर्षांत काय झालं, याचं अक्षरही जनगणनेत नाही. वर्तमानपत्रांत मात्र मृतांची नावं आहेत, विवर मोकळं करण्याची दिवसागणिक हकिगत आहे, खाणीत अडकलेल्या एकाने लिहून ठेवलेलं टिपण आहे, विधवांसाठी जमलेल्या निधीच्या बातम्या आहेत. प्रत्येक खाणीला किमान दोन वाटा हव्यात असा कायदा त्याच वर्षी झाला, त्यामागे या बातम्यांनी पेटलेलं लोकमत होतं.

आणि मोठ्या अपघाताचीही गरज नाही. संशयास्पद किंवा अचानक मृत्यू झाला की कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, चौकशी करायचा, बहुतेक वेळा गावातल्याच एखाद्या पबच्या मागच्या खोलीत. चौकशीची मूळ कागदपत्रं असंख्य ठिकाणी नष्ट झाली आहेत, त्यामुळे वर्तमानपत्रातला वृत्तांत हाच बऱ्याचदा उरलेला एकमेव पुरावा असतो. त्या दहा-पंधरा ओळींत मृताचं वय आणि धंदा असतो, प्रेत ओळखायला आलेली बहीण कोणत्या गावची हे असतं, सकाळी तो काय बोलून घराबाहेर पडला हे शेजारणीच्या तोंडून असतं. मृत्यूच्या दाखल्यावर यातलं फार तर ‘गाडीखाली सापडून’ एवढंच येतं.

‘जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या पुरे.’ १८१३ पासूनच्या छापील नमुन्यातली दफनाची नोंद नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय एवढंच सांगते. मृत्यूचं कारण सांगत नाही. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. पुढचे सरकारी कागद तरी सलग आहेत का? इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवानोंदी सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या, सुमारे साठ टक्के. ज्याच्या पणजोबांची फाईल त्यात गेली, त्याने काय करायचं? त्यांच्या गावच्या साप्ताहिकाचे १९१४ ते १९१८ चे अंक काढायचे. जखमी झालेल्या, पकडल्या गेलेल्या, पदक मिळालेल्या पोरांचे फोटो आणि खंदकांतून आईला लिहिलेली पत्रं ही साप्ताहिकं आठवड्यामागून आठवडा छापत होती.

‘नाव टाका, नाही सापडलं तर विषय संपला.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. जुन्या पत्रांच्या संकेतस्थळावर आपण जे शोधतो ते वर्तमानपत्र नव्हे. यंत्राने पान वाचून तयार केलेला मजकूर आपण शोधतो. पान मायक्रोफिल्मवरून घेतलेलं असतं, शाई फुटलेली असते, घडीवर ओळ पुसट झालेली असते. यंत्र ‘ई’चा ‘सी’ करतं, ‘एच’चा ‘बी’ करतं. अठराव्या शतकातला लांबडा ‘एस’ त्याला ‘एफ’ वाटतो. आडनाव ओळीच्या शेवटी तुटलं असेल तर दोन तुकडे होतात आणि शोधात येतच नाहीत.

त्यातून स्त्रिया. जन्माच्या जाहिरातीत बहुधा ‘अमुक रस्ता, श्री. तमुक यांच्या पत्नीला मुलगा’ एवढंच असे. आईचं नाव नाही, बाळाचंही नाही. पणजीचं नाव घालून शोधणाऱ्याला ती जाहिरात जन्मात सापडणार नाही. म्हणून नाव बाजूला ठेवा. रस्त्याचं नाव घाला, पबचं घाला, गिरणीचं, जहाजाचं, रेजिमेंटचं घाला. आडनावाची चार स्पेलिंगं करून बघा. तारीख अंदाजे माहीत असेल तर शोधपेटी सोडा आणि त्या दोन महिन्यांचे अंक पानापानाने वाचा. डोळे दुखतात, पण मिळतं. आणखी एक: शोध एकाच परगण्यापुरता (काउंटीपुरता) मर्यादित ठेवू नका. पत्रं एकमेकांच्या बातम्या बिनदिक्कत उचलत. डेव्हनमधल्या अपघाताची बातमी न्यूकॅसलच्या अंकात शाबूत सापडते, कारण यंत्राला ते पान नीट वाचता आलेलं असतं.

‘सगळं इंटरनेटवर आलंय.’ नाही. ब्रिटिश लायब्ररीकडे सहा कोटींच्या आसपास अंक आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह या संकेतस्थळावर काही कोटी पानं आहेत. एका अंकात चार-आठ पानं असतात, तेव्हा किती शिल्लक आहे ते बघा. ऑक्टोबर १९४० मध्ये हा संग्रह तेव्हा जिथे होता त्या लंडनमधल्या कॉलिंडेलच्या इमारतीवर बाँब पडून प्रांतीय वर्तमानपत्रांचे सुमारे ६,००० बांधीव खंड नष्ट झाले. त्यांतल्या एखाद्या पत्राचा संच आज गावच्या ग्रंथालयात किंवा परगण्याच्या दफ्तरखान्यातच मिळू शकतो. तिथे स्थानिक हौशी मंडळींनी हाताने केलेल्या सूचीही असतात. एक नम्र ईमेल पाठवायला काय जातं?

‘पैसे पडतात.’ काही ठिकाणी पडतात. पण लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राचे १६६५ पासूनचे अंक फुकट वाचता येतात. दिवाळं, भागीदारी मोडणं, सैन्यातल्या नेमणुका, नावबदल तिथे आहेत. वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन, ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट ही जुन्या पत्रांची संकेतस्थळंही फुकट, आणि वसाहतींतली पत्रं ‘मायदेशच्या’ बातम्या भरभरून छापत. इंग्लंडातली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं आपल्या संगणकांवर सशुल्क संग्रह मोफत उघडून देतात.

‘छापलेलं भरवशाचं नसतं.’ कोणताच कागद डोळे मिटून भरवशाचा नसतो. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. लग्नाच्या नोंदीत लोक वय चोरत. वर्तमानपत्रातही नावं चुकतात, आणि तीच चुकलेली बातमी दहा पत्रांनी उचलली तर ते दहा पुरावे होत नाहीत. तारखांचा घोळ तर नेहमीचा: ४ एप्रिलच्या अंकात ‘२८ अल्ट.’ (गेल्या महिन्याची) असेल तर ती २८ मार्च, ‘३ इन्स्ट.’ (चालू महिन्याची) असेल तर ३ एप्रिल. बातमीतून तारीख आणि गाव घ्यायचं आणि त्यावरून दाखला मागवून ताडून बघायचं. एकाच नावाची दोन माणसं एका गावात असतातच, तेव्हा पत्ता आणि धंदा जुळल्याशिवाय वंशवृक्षात नाव लिहू नये.

राहता राहिला भारताचा मुद्दा. पुण्याच्या छावणीत वारलेल्या सार्जंटची किंवा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर आलेल्या इंजिनड्रायव्हरची चार ओळींची बातमी त्याच्या मूळ गावच्या पत्रात येत असे, कारण ती वाचणारे आईबाप तिथे होते. उलट, इंग्लंडातल्या मृत्यूच्या जाहिरातीखाली ‘भारतातल्या पत्रांनी कृपया नक्कल करावी’ अशी ओळ दिसली, तर त्या घरातलं कुणीतरी इकडे होतं असं धरून चाला आणि १८३८ साली सुरू झालेल्या बॉम्बे टाइम्सचे, म्हणजे पुढच्या टाइम्स ऑफ इंडियाचे, जुने अंक बघा. लंडनहून निघणाऱ्या ॲलन्स इंडियन मेलमध्येही भारतातले जन्म, लग्नं आणि मृत्यू छापले जात. शोधताना मुदत मोठी ठेवा. सुएझमार्गे टपाल जाऊ-येऊ लागण्याआधी, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला (केपला) वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत. त्या काळी मुंबईला जूनमध्ये वारलेल्या माणसाची बातमी लँकेशरच्या पत्रात नोव्हेंबरात, कधी तर पुढच्या वर्षी सापडते.