थर्मासमागची भगिनी

आधुनिक छायाचित्रणातील स्त्रीच्या पारंपरिक भूमिका या विषयावरचे सचित्र व्याख्यान संपले, टाळ्या झाल्या, आणि संयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून भगिनींना चहावाटपाला हातभार लावण्याची विनंती केली. सभागृहात पुरुष भरपूर होते आणि त्यांपैकी एकाचाही हात प्लास्टरमध्ये नव्हता. तरीही मी उठले, कारण शेजारच्या दोघी उठल्या होत्या आणि बसून राहिलेली बाई आपल्याकडे फार उठून दिसते.

माझ्या वाट्याला गळक्या तोटीचा स्टीलचा थर्मास आला. रांगेत पहिले होते ते व्याख्यानभर माझ्या मागे बसून "वा! वा!" करणारे एक निवृत्त गृहस्थ.

"बिनसाखरेचा आहे ना, वहिनी?" माझ्या यजमानांना त्यांनी आजवर पाहिलेलेही नाही.

"नाही हो, सगळा एकत्रच केलाय."

"कमाल आहे! आमच्या वयाचा कोणी विचारच करत नाही. बरं, अर्धाच द्या. ती इराणची बाई काय जबरदस्त आहे हो!"

ती इराणची बाई म्हणजे तेहरानची छायाचित्रकार शादी घदीरियान. लग्नात आहेर म्हणून आलेल्या संसारोपयोगी वस्तू पाहून तिला 'लाइक एव्हरी डे' ही २०००-०१ मधली मालिका सुचली. फुलाफुलांच्या चादोरमध्ये, म्हणजे डोक्यापासून अंगभर पांघरायच्या इराणी वस्त्रात, गुरफटलेली बाई, आणि चेहऱ्याच्या जागी कुठे इस्त्री, कुठे झाडू, तर कुठे रबरी हातमोजा. आपल्या रुखवतात या साऱ्या वस्तू रांगेने मांडलेल्या असतात आणि त्यांचेही फोटो निघतात, परंतु ते मावश्या काढत असल्यामुळे त्याला कला म्हणत नाहीत.

"तिला काय म्हणायचंय, ते तुमच्या लक्षात आलं का?" गृहस्थांनी कप पुन्हा पुढे केला. "घरकामात बाईचा चेहराच हरवतो. थोडा आणखी ओता. समाजाला हे दिसतच नाही. बिस्किटं कुठे आहेत?"

"त्या टेबलावर."

"दोन आणता का? माझ्या हातात कप आहे."

माझ्या एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात गळती टिपायचे फडके होते, ही गोष्ट स्त्रियांच्या व्यथेत खोल बुडालेल्या त्या गृहस्थांच्या नजरेस पडली नाही. मी बिस्किटे आणली, तोवर ते आपल्याकडच्या कलावंत पुष्पमाला एन. यांच्यापर्यंत पोहोचले होते. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' या मालिकेत पुष्पमाला स्वतःच राजा रविवर्म्याच्या चित्रातली लक्ष्मी होऊन उभ्या राहतात, आणि आपण जिला पिढ्यानपिढ्या 'आदर्श स्त्री' म्हणत आलो ती रंगवलेल्या पडद्यापुढे केलेली बतावणी आहे, हे लख्ख दिसते. रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून घरोघरच्या भिंतींवर गेलेल्या लक्ष्मीला चार हात असूनही कोणी चहा वाटायला सांगितल्याचे ऐकिवात नाही.

"असंच उभं राहा, वहिनी, एक फोटो घेतो. नैसर्गिक राहा," असे म्हणून गृहस्थांनी माझ्या होकाराची वाट न पाहता मोबाइल उगारला. रात्री तो फोटो सभासदांच्या गटावर आला. त्यात थर्मास सुरेख आला आहे, फडकेही स्पष्ट आहे, आणि माझा चेहरा मात्र थर्मासने संपूर्ण झाकला आहे. खाली लिहिले होते, "विषयाला साजेसा क्षण!" त्यावर उंचावलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला आणि खुद्द व्याख्यात्यांनी चौकटीच्या मांडणीचे कौतुक केले. फोटोतली बाई कोण, हे एकानेही विचारले नाही. कार्यक्रमानंतर तो थर्मास धुतला कोणी, हे तर विचारण्याचे कारणच नव्हते.

वार्षिक वर्गणी स्त्री-पुरुषांना सारखीच असल्यामुळे मी कार्यकारिणीला रीतसर तक्रारअर्ज दिला आहे. कार्यकारिणीत एकच महिला असून त्यांच्याकडे अल्पोपहाराचे खाते आहे, त्यामुळे तो अर्ज त्यांच्याकडे वर्ग करण्यात आला आहे.