‘द डेथ ऑफ क्लिंगहॉफर’वरचे आरोप, एकेक करून

‘न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने व्हीलचेअरवरच्या ज्यू म्हाताऱ्याच्या खुन्यांना नायक केलं, ज्यूंना शिव्या देणारी गाणी गायली आणि बोभाटा झाल्यावर प्रक्षेपण रद्द करून चूक कबूल केली.’ २०१४ साली मेटने (म्हणजे याच मेट्रोपॉलिटन संस्थेने) ‘द डेथ ऑफ क्लिंगहॉफर’ हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, रंगमंचावर आणला. तेव्हापासून हा आरोप या ना त्या रूपात फिरतो आहे. नरीमन हाऊसमध्ये काय घडलं ते मुंबईने पाहिलेलं आहे. त्यामुळे असलं काही वाचलं की आपल्याही डोक्यात तिडीक जाते, आणि ते साहजिक आहे. पण यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की टिकत नाही.

आधी मूळ घटना. ७ ऑक्टोबर १९८५ रोजी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ ‘आकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज चार पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. इस्रायलच्या तुरुंगातले ५० कैदी सोडा, ही त्यांची मागणी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ६९ वर्षांच्या लिऑन क्लिंगहॉफर यांना गोळ्या घातल्या आणि त्यांना समुद्रात टाकून दिलं. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त पत्नी मॅरिलिनसोबत सफरीला निघालेले ते न्यूयॉर्कचे साधे गृहस्थ होते. ज्यू होते, एवढाच त्यांचा गुन्हा. यावरच्या या ऑपेराचं संगीत जॉन ॲडम्स यांनी रचलं, संहिता ॲलिस गुडमन यांनी लिहिली आणि १९९१ साली ब्रुसेल्समध्ये पहिला प्रयोग झाला.

आता ‘नायक केलं’ हा मुद्दा. ममूद नावाच्या अपहरणकर्त्याला यात एक दीर्घ, सुरेख रात्रगान आहे, हे खरं. तो आपल्या मेलेल्या आईबद्दल आणि भावाबद्दल सांगतो. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. आरोप करणारे इथेच थांबतात. पण ऑपेरा थांबत नाही. जहाजाचा कप्तान त्याला म्हणतो, हेच तू शत्रूंमध्ये बसून बोललास तर शांतता येईल. त्यावर ममूदचं उत्तर असं, की ज्या दिवशी मी आणि माझा शत्रू समोरासमोर बसून बोलू, त्या दिवशी आमची आशा मेली आणि मीही मेलो. ज्याला शांततेचीच भीती वाटते, असा हा माणूस. दुःख खरं असलं तरी त्यातून काय उगवलं आहे, ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं आहे. याला गौरव म्हणायचं असेल, तर मग चांगला लिहिलेला प्रत्येक खलपुरुष हा गौरवच ठरेल.

‘ज्यूंना शिव्या देणारी गाणी’ हा आरोप त्याहून वजनदार वाटतो, कारण त्या ओळी खरोखरच संहितेत आहेत. गरीब माणसं जिथे जमतात तिथे ज्यू गब्बर होताना दिसतात, भोळ्यांना फसवतात, वगैरे. ओंगळ मजकूर आहे. मात्र तो कोण म्हणतो आणि कधी म्हणतो, हे सांगायला सगळे सोयीस्करपणे विसरतात. दुसऱ्या अंकात क्लिंगहॉफर प्रथम तोंड उघडतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या अपहरणकर्त्यांना झापतात. तुम्हाला आजोबांच्या झोपडीचं, शेळ्यामेंढ्यांचं, जमिनीचं काही पडलेलं नाही, तुम्हाला फक्त माणसं मरताना बघायची आहेत, असं ते तोंडावर सुनावतात. रॅम्बो नावाचा अपहरणकर्ता ती गरळ ओकतो ती यानंतर. त्याच्याजवळ उत्तर नाही, म्हणून शिवी आहे. इथे ज्यूद्वेष उघडा पाडला आहे, आणि तोही निःशस्त्र म्हाताऱ्याने प्रश्न टाकल्यावर. निळू फुल्यांना पडद्यावरच्या पापांसाठी गावोगावच्या बायकांच्या शिव्या खाव्या लागल्या, ते आपण कौतुकाने सांगतो. ती फुल्यांच्या अभिनयाची पावती होती. तो समीक्षेचा नियम नव्हता.

खरा तगडा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो घोषणा देणाऱ्यांनी नाही, संगीताचे अभ्यासक रिचर्ड टारुस्किन यांनी २००१ साली घेतला. त्यांचं म्हणणं असं: जर्मन संगीतकार बाखच्या ‘पॅशन’मध्ये, म्हणजे येशूच्या यातनांवरच्या संगीतरचनेत, येशू बोलतो तेव्हा त्याच्याभोवती तंतुवाद्यांचं एक तेजोवलय असतं. ॲडम्स यांनी तसं वलय पॅलेस्टिनींना दिलं, क्लिंगहॉफर पतिपत्नींना मात्र फार उशिरा. शिवाय मूळ प्रयोगात न्यू जर्सीतल्या एका ज्यू कुटुंबाचा प्रवेश होता. टीव्हीसमोर बसून किरकोळ गोष्टींवरून कुरकुरणारी माणसं. निर्वासित पॅलेस्टिनींच्या विलापानंतर तो प्रवेश फार वाईट दिसे. इथे टीकाकारांचं बरोबर होतं, असं माझं मत आहे. पण ॲडम्स यांनी ब्रुकलिनच्या प्रयोगांनंतर तो प्रवेश कापून टाकला. मेटमध्ये तो नव्हता.

वलयाचा मुद्दा मला पुरता पटत नाही. कीर्तन ऐकलेल्याला ही रचना नवी नाही: आख्यान चालू असताना मध्येच थांबून निरूपण होतं. इथे ते काम समूहगानं करतात. सुरुवातीला निर्वासित पॅलेस्टिनी, मग निर्वासित ज्यू. पॅलेस्टिनींचं गाणं हळू सुरू होतं आणि शत्रूचे दात पाडण्याच्या भाषेवर संपतं. ज्यूंचं गाणं टॅक्सीतून उतरलेल्या, खिशात पैसे नाहीत, हातात सामान नाही अशा माणसाचं आहे. रिकामे हात. दोहोंपैकी कोणतं मला अधिक सभ्य वाटलं, ते सांगायला नको. आणि संपूर्ण कलाकृतीतलं सर्वांत करुण, संथ संगीत कोणाला मिळालंय? समुद्रात पडणाऱ्या क्लिंगहॉफर यांच्या देहाला.

शीर्षकात नुसता ‘डेथ’, म्हणजे मृत्यू आहे, ‘खून’ का नाही? असायला हवा होता, असं मलाही वाटतं. पण शीर्षक मिळमिळीत असणं हा ज्यूद्वेषाचा पुरावा होत नाही.

राहिली ‘कबुली’. मेटचे प्रमुख पीटर गेल्ब यांनी नोव्हेंबर २०१४ मधलं चित्रपटगृहांतलं प्रक्षेपण रद्द केलं, पण ते करतानाच ही कलाकृती ज्यूद्वेष्टी नाही याची आपल्याला खात्री आहे, असंही म्हटलं. ज्यांच्याशी बोलून हा निर्णय झाला ते अँटी-डिफेमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे अब्राहम फॉक्समन यांनीही ऑपेरा ज्यूद्वेष्टा नाही, असंच सांगितलं. परदेशात त्याचा गैरवापर होईल, ही त्यांची भीती होती. रंगमंचावरचे प्रयोग ठरल्याप्रमाणे झाले. बाहेर निदर्शक व्हीलचेअरवर बसले होते, त्यांच्यात न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानीही होते.

क्लिंगहॉफर यांच्या दोन मुलींनाही हा ऑपेरा वडिलांच्या मृत्यूचा बाजार वाटतो. त्यांचं निवेदन मेटने प्रयोगाच्या पुस्तिकेत छापलं. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. बापाचा खून चाली लावून ऐकायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच.

पण बाकीच्यांनी निदान शेवटचा प्रवेश तरी ऐकावा. बाखची मत्तय पॅशन समूहगानाने संपते. इथे समूह नाही. कप्तान मॅरिलिनला नवरा गेल्याचं सांगतो, सांत्वन करू पाहतो. ती त्याला झिडकारते: तुम्ही त्यांना कवटाळलंत! शंभर माणसं मेली असती तरच जग मध्ये पडलं असतं, असं ती म्हणते. मग एकटीच गात राहते. त्यांनी मला मारायला हवं होतं, मला मरायचं होतं. पडदा तिच्यावर पडतो.