काडतुसाचा भाव शिशाच्या वजनावर ठरत नाही

पिस्तुलाच्या काडतुसांच्या किमतींवरचा एक मजकूर सध्या नेमबाजांमध्ये आणि नेमबाजी शिकू पाहणाऱ्यांमध्ये जोरात फिरतो आहे. त्यातले मुद्दे असे: गोळी मोठी तर धातू जास्त, म्हणून भाव जास्त, छोटी गोळी महाग मिळते तिथे कारखानदारांची लूट असते, सैन्य वापरतं ते कॅलिबर (गोळीच्या व्यासावरून ओळखला जाणारा काडतुसाचा प्रकार) इतरांना महाग पडतं, महाग काडतूस म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस, स्टीलच्या पुंगळीचं (बंदुकीची दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या नळीचं) काडतूस स्वस्त, कारण ते धोकादायक. आणि शेवटी सल्ला: खर्च वाचवायचा तर छोट्या कॅलिबरचं पिस्तूल घ्या. या सल्ल्यामुळेच मी लिहायला बसलो. तो मानणाऱ्या नवख्या माणसाचा खर्च बहुतेकदा वाचत नाही, वाढतो.

"धातू जास्त, म्हणून भाव जास्त"

यात तथ्य आहे, पण थोडंच. .४५ एसीपी या काडतुसाची (आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचांत) नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. ९ मिमी पॅराबेलमची ११५ ग्रेनची, साडेसात ग्रॅमच्या आसपास. शिसं दुप्पट, पुंगळीला पितळही जास्त, आणि .४५चं काडतूस खरोखरच महाग असतं. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हीच जोडी पाहिली आणि तिथेच थांबला.

त्याने जरा खाली उतरून पाहायला हवं होतं. .३८० एसीपीची गोळी साधारण ९५ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमहून किंचित जास्त. तिची पुंगळी १७ मिमी लांब, ९ मिमीची १९. गोळीचा व्यास तोच. म्हणजे शिसं, पितळ, दारू सगळंच कमी. तरी सरावाची साधी काडतुसं शेजारी ठेवली तर .३८० बहुतेक वेळा ९ मिमीहून महाग निघतं. .२५ एसीपीची गोळी तर ५० ग्रेनची, जेमतेम सव्वातीन ग्रॅम. ९ मिमीच्या निम्म्याहून कमी शिसं, आणि तेही महागच.

आता हेच .२५ आणि .२२ एलआर समोरासमोर ठेवा. .२२ची गोळी ४० ग्रेनची. दोन्हींच्या वजनात एक ग्रॅमचाही फरक नाही. पण .२२ हे बाजारातलं सर्वांत स्वस्त काडतूस आणि .२५ त्याच्या कितीतरी पट किमतीचं. का, ते पुंगळीच्या बुडाशी पाहिलं की कळतं. .२२ रिमफायर आहे. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या पोकळ काठातच भरलेलं असतं, वेगळा प्रायमर (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी) नाही. गोळीही बहुतेकदा नुसत्या शिशाची, फार तर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली. .२५ सेंटरफायर आहे. त्याला जाड बूड, त्यात प्रायमरची खोबण, ज्योत दारूपर्यंत जायला छिद्र, मग प्रायमरची स्वतःची वाटी, तिच्यातलं मिश्रण आणि आतली छोटी ऐरण. गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण. शिवाय .२२ कारखान्यातून अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतं. .२५ची पिस्तुलं मुळात थोडी, आणि ती वापरणारे फार गोळ्या झाडत नाहीत.

"छोटी गोळी महाग म्हणजे लूट"

मजकुरातला सर्वांत जास्त पुढे पाठवला जाणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पितळी पुंगळी कशी बनते? पितळाच्या पत्र्यातून वाटी कापतात. ती साच्यांतून टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. ओढताना पितळ कडक होतं आणि तडकू शकतं, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावं लागतं. मग बुडावर छाप, कडेची खाच, प्रायमरची खोबण. यातला प्रत्येक साचा, प्रत्येक ठोकणी, प्रत्येक मापणी त्या त्या कॅलिबरची वेगळी. कॅलिबर बदलायचं तर यंत्रांची रांग थांबवायची, साचे बदलायचे, जुळणी करायची, नमुने काढायचे, दाब आणि वेग तपासायचा आणि मगच माल सुरू करायचा. रांग त्यानंतर चार दिवस चालो की वर्षभर, हा खर्च तेवढाच. ९ मिमीची रांग मोठ्या कारखान्यांत सहसा थांबतच नाही, त्यामुळे हा खर्च अगणित काडतुसांवर वाटला जातो. .२५ किंवा .३२ची पाळी अधूनमधून येते, थोडा माल निघतो, तो गोदामात पडून राहतो आणि कारखान्याचा पैसा त्यात अडकतो.

हे पटत नसेल तर काडतुसं स्वतः भरणाऱ्यांकडे पाहा. जिथे कायदा परवानगी देतो तिथे अनेक नेमबाज रिकाम्या पुंगळ्या जपून पुन्हा भरतात. .३८० आणि ९ मिमी दोन्हींना तोच लहान पिस्तूल प्रायमर लागतो. गोळीचा व्यास एकच, फक्त .३८०ला ती हलकी चालते. दारू तिला कमी लागते. घरच्या टेबलावर .३८०चा खर्च ९ मिमीएवढाच येतो, बऱ्याचदा किंचित कमी. म्हणजे धातूचा नियम तिथे बरोबर लागू पडतो! कारण त्या टेबलावर साचा बदलायला काही मिनिटं पुरतात. कारखान्यातून आल्यावर तेच काडतूस महाग होतं, तेव्हा वाढीव पैसे कशाचे असतात हे उघड आहे.

दुसरा पुरावा .४० इंचांच्या दोन भावंडांचा. १० मिमी ऑटो १९८३चं. त्याचीच पुंगळी साडेतीन मिमीने आखूड करून १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू आलं. गोळीचा व्यास तोच. अमेरिकेतल्या पोलीस खात्यांनी .४० उचलून धरलं, कारखाने त्याच्यामागे लागले आणि ते स्वस्त झालं. १० मिमी मात्र महागच राहिलं. साडेतीन मिमी पितळाची आणि जरा जास्त दारूची किंमत एवढी नसते. पुढे २०१५च्या सुमारास एफबीआय ९ मिमीकडे परतली, पोलीस खातीही मागोमाग गेली, आणि .४०चं बळ ओसरू लागलं. काडतूस तेच, शिसं तेवढंच, बदलली ती फक्त मागणी. .४५ जीएपीचं तर याहून वाईट झालं. २००३ साली आलेलं हे काडतूस .४५ एसीपीपेक्षा आखूड, पण ते चालवणारी पिस्तुलं मोजकीच निघाली आणि ते दुर्मिळ नि महाग होऊन बसलं.

नफेखोरी कधीच होत नाही असं मी म्हणत नाही. २०२०-२१मध्ये अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली तेव्हा ९ मिमीचाही भाव दुपटीच्या वर गेला, आणि साठेबाजांनी हात धुऊन घेतले. पण तेव्हा भरपूर खपणारं ९ मिमीही लुटीतून सुटलं नाही, म्हणजे लूट छोट्या गोळीपुरती नसते. आणि गोळीचं वजन त्या काळात एका ग्रेननेही वाढलं नव्हतं.

"सैन्याचं कॅलिबर महाग पडतं"

उलट आहे. शस्त्ररचनाकार गेऑर्ग लुगरचं ९ मिमी पॅराबेलम १९०२चं. आधी जर्मन नौदल आणि सैन्य, पुढे नाटोचं प्रमाणित काडतूस, असा त्याचा प्रवास झाला. त्यामुळे अनेक देशांत त्याचे कारखाने उभे राहिले, आणि साच्यांचा नि यंत्रांचा खर्च सरकारी मागणीतूनच निघाला. बाकीच्या ग्राहकांना त्याचा आयता फायदा मिळाला. सोव्हिएत ७.६२×२५ टोकारेव्हचंही (आकडे गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिमीत) तेच. शीतयुद्धानंतर त्याचा जुना साठा मातीमोल भावाने विकला गेला. साठा संपला आणि स्वस्ताईही संपली.

पण नाटोचा शिक्का म्हणजे स्वस्ताई असंही नाही. ५.७×२८ला नाटोने २०२१ साली प्रमाण मानलं. त्याची गोळी .२२एवढीच हलकी. तरी ते महाग, कारण पुंगळीची मान बाटलीसारखी निमुळती करावी लागते, दाब ९ मिमीपेक्षा बराच जास्त, पुंगळीवर खास लेप, आणि बनवणारे थोडे. सैन्यामुळे खरी झळ पोचते ती वेगळ्या वाटेने. पिस्तुलाच्या धूरविरहित दारूत नायट्रोसेल्युलोज असतं आणि तोफांच्या दारूतही. २०२२पासून तोफगोळ्यांची मागणी वाढली तसा त्याचा ताण साऱ्याच कॅलिबरांवर आला, लहान-मोठं न बघता.

"महाग म्हणजे ताकदवान"

पंचवीस मीटर सेंटरफायर स्पर्धेतलं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर (सपाट टोकाच्या गोळीचं काडतूस) हातात घेऊन बघा. इतकं सौम्य काडतूस की धक्का जाणवत नाही, आणि भाव मात्र झणझणीत. त्याहून सोपं उदाहरण .२२ एलआरचंच. साधं आणि स्पर्धेचं, दोन्हींत शिसं तेवढंच, कॅलिबर एकच, पण किमतीत अनेक पटींचा फरक. पैसे मोजले जातात ते प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच निघावं म्हणून. अव्वल नेमबाज आपलं हत्यार घेऊन जातात आणि लॉटमागून लॉट (एकाच वेळी बनलेला माल) झाडून बघून मगच खरेदी करतात.

एक चूक इथे हमखास होते. संरक्षणासाठीच्या पोकळ टोकाच्या गोळ्या बहुधा वीसच्या खोक्यात येतात, सरावाच्या पन्नासच्या. दोन कॅलिबरांची तुलना करताना एकाचं हे खोकं आणि दुसऱ्याचं ते खोकं घेऊन चालत नाही.

"स्टीलची पुंगळी स्वस्त, कारण धोकादायक"

स्टील पितळापेक्षा स्वस्त आहे, एवढंच त्याचं मुख्य कारण. काडतुसात पुंगळी हा सर्वांत खर्चिक भाग, त्यामुळे तिथली बचत लगेच दिसते. स्टील पितळाइतकं लवचीक नसतं, पुन्हा भरायला ते सोयीचं नसतं, काही पिस्तुलांना ते मानवत नाही, आणि काही रेंजवर ते चालू देत नाहीत. या खऱ्या उणिवा आहेत. पण योग्य दाबाचं आणि योग्य कॅलिबरचं असेल तर केवळ स्टील आहे म्हणून ते फुटत नाही.

"छोटं कॅलिबर घ्या, पैसे वाचतील"

आता तो सल्ला. नवखा माणूस छोटी गोळी स्वस्त समजून .३८० किंवा .२५चं पिस्तूल घेतो. प्रत्येक सरावाला त्याला ९ मिमीवाल्यापेक्षा जास्त पैसे पडतात. मग तो पन्नासऐवजी वीस झाडतो, मग महिन्यातून एकदाच येतो, मग येतच नाही. हत्यार जवळ आणि हाताला सराव नाही, ही अवस्था त्याच्यासाठी आणि आजूबाजूच्यांसाठी सर्वांत वाईट. .३८०ची छोटी, हलकी पिस्तुलं तर धक्क्यालाही जोरकस असतात, म्हणजे सराव करावासाही वाटत नाही. खर्चाचाच विचार असेल तर शिकायला .२२ घ्या, आणि सेंटरफायरच हवं असेल तर विकत घेण्याआधी एवढं बघा की त्याची सरावाची काडतुसं किती कारखाने बनवतात आणि ती बारा महिने मिळतात का.