‘भंगार जोडलंय’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार भाऊ,

जळगावात पाहिलेल्या लोखंडी शिल्पावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘वखराची पास (लोखंडी पातं) आणि ट्रकचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जोडले, ना हात ना तोंड. असं तर भुसावळचा कुठलाही वेल्डर करून देईल. निदान घासून रंग तरी द्यायचा!’

वेल्डरचं नाव काढलंत हे फार बरं केलंत. ही कला कारखान्यातूनच आली आहे. स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ वेल्डिंग शिकला तो पॅरिसजवळच्या रेनॉच्या कारखान्यात. १९२८ पासून पिकासोनं लोखंडी शिल्पं केली, ती त्याच्याच मदतीनं. अमेरिकेतला शिल्पकार डेव्हिड स्मिथ तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात राबला होता. आपल्याकडे मुंबईत पिलू पोचखानवालांनी भंगारातून शिल्पं घडवली.

तेव्हा भुसावळच्या वेल्डरला खरंच तिथं न्या. तो आधी सांधे बघेल. पाट्याचं पोलाद कडक असतं. न तापवता जोडलं तर सांध्याशेजारी तडकतं. शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि तुकड्याला आपल्याकडे ओढतो. या शिल्पात सगळ्यात लांब पाटा एकाच टोकाला धरलेला आहे, बाकी सगळा अधांतरी. दगडात एवढा बारीक आणि लांब भाग असा बाहेर काढला तर स्वतःच्याच वजनानं मोडेल. तो पाटा पाहताना माझ्या खांद्यावर ताण आला, आणि मला आवडलं ते हेच.

हातातोंडाचं म्हणाल, तर श्रावणात आपण नारळाची कानबाई देवी बसवतो. तिला हातपाय का नाहीत, असं खान्देशात कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. श्रद्धेची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण आकार ओळखीचा नसला तरी त्याच्यापुढे उभं राहायची सवय आपल्या डोळ्याला आहे.

पुढच्या वेळी बाजूनं फिरून पाहा. समोरून पास आणि पाट्यामध्ये मोठी फट दिसते. दोन पावलं डावीकडे सरकलात की ती मिटते आणि सगळं शिल्प पुढे झुकल्यासारखं वाटतं. तळाचा चौकोनी पत्रा मात्र मलाही उगाच जड वाटला.

रंगाबद्दल तुमच्याशी अजिबात सहमत नाही. स्मिथनं शेवटच्या वर्षांत स्टेनलेस स्टीलवर ग्राइंडर फिरवून ओरखडे मुद्दाम ठेवले, उजेड त्यांच्यावर खेळावा म्हणून. इथं वेल्डच्या रेघा तशाच ठेवल्यात. पासेची मातीत झिजलेली धारही दिसते. रंगाखाली दोन्ही गेलं असतं.