अमेरिकेतील लहान गावच्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी खुलासा

'लहान गावात तपासणी नसते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर काम धरता येते. पैसे फारसे नेऊ नका', असा निरोप इंदूरच्या मराठी कुटुंबांत फिरत आहे. तो चुकीचा असून मुलांना संकटात टाकणारा आहे.

एफ-१ व्हिसावरील (अमेरिकेत शिकण्यासाठीचा व्हिसा) विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण ते कॉलेजच्या आवारातच, म्हणजे ग्रंथालयात, भोजनगृहात किंवा कार्यालयात. पहिल्या शैक्षणिक वर्षात बाहेरच्या दुकानात किंवा पंपावर नोकरी करण्यास परवानगी नसते, आणि गाव कितीही आडवळणी असले तरी नियम तोच राहतो. विनापरवाना काम केल्यास विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा जातो, पुढचा व्हिसाही अडचणीत येतो. शिवाय लहान कॉलेजात आवारातल्या जागा मोजक्याच असतात. त्यांच्या भरवशावर वर्षाच्या खर्चाचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते.

सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवाय (नोकरी व करासाठी अमेरिकी सरकार देते तो क्रमांक) बँकेत खाते उघडत नाही, हेही खरे नाही. तो क्रमांक आवारात काम मिळाल्यावर मागायचा असतो. पासपोर्ट आणि आय-२० (प्रवेश मिळाल्यावर कॉलेज देते तो व्हिसासाठीचा दाखला) दाखवून अनेक बँका खाते उघडून देतात.

खरी अडचण वाहतुकीची आहे. अशा अनेक गावांत सार्वजनिक बस नसते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच विमानतळावरून नेण्याची सोय कोणत्या दिवशी आहे आणि नाताळच्या सुट्टीत वसतिगृह उघडे राहते का, हे कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.